फाईलचं बिऱ्हाड

आमच्या वाचनालयाला पन्नास वर्षं झाली तेव्हा स्मरणिका काढायचं ठरलं, आणि नेमक्या त्या बैठकीला मी उशिरा पोचलो. सार्वजनिक संस्थांत उशिरा येणाऱ्याच्या गळ्यात संपादकपद पडतं. पंधरा दिवसांत तेवीस लेख आले. त्यांतल्या सतरा फाईलींचं नाव होतं 'माझा लेख'. तिघांनी विनयाने नुसतं 'लेख' म्हटलं होतं, दोघांनी 'वाचनालयासाठी', आणि एका वहिनींच्या फाईलचं नाव होतं 'नवीन दस्तऐवज (४)'. पहिल्या तीन दस्तऐवजांचं काय झालं, हे मी विचारलं नाही.

लिहिणाऱ्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्या घरात तो एकच लेख. घरातल्या एकुलत्या एक पोराला 'बाळ्या' म्हटलं की भागतं. पण हजेरीपटावर सतरा बाळ्या आले की मास्तरांची पंचाईत होते. तेव्हा मी सगळ्यांचं बारसं करायचं ठरवलं. आमच्याकडे नाव ठेवायचा मान आत्याचा. इथे तेवीस बाळांमागे आत्या मी एकटाच.

नावाला अक्षर कुठलं चालेल, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पंचांग जन्मनक्षत्राच्या चरणावरून आद्याक्षर काढून देतं. हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला 'ण' येतो. 'ण'वरून नाव आणायचं कुठून? मग आपण एक नाव पत्रिकेत ठेवतो आणि दुसऱ्याने हाका मारतो. पंचांग यावर काही बोलत नाही. संगणक बोलतो.

मी पहिल्या फाईलला झोकात नाव दिलं : 'संपादकीय: आम्ही कुठे चुकलो?' लगेच पडद्यावर चौकट उमटली. अमुक चिन्हं नावात चालणार नाहीत म्हणे. मोजली तर नऊ निघाली. अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरणचिन्ह, चांदणी, उभी रेघ, उजवीकडे कललेली तिरकी रेघ, डावीकडे कललेली तिरकी रेघ, आणि लहान-मोठं दाखवणारी ती दोन टोकदार चिन्हं. आम्ही कुठे चुकलो, याचं उत्तर असं तडकाफडकी मिळालं.

आता मराठी लेखकाच्या नावातून अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह काढून घेतलं तर मागे काय उरतं? आमचे निम्मे लेख 'अमुक : एक आकलन' असतात आणि उरलेले निम्मे 'मराठी टिकेल का?' असतात. चर्चेला उत्तर नसलं तरी चालतं, प्रश्नचिन्ह लागतं. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी वाचनालयाच्या पडक्या काळाबद्दल 'दु:ख' नावाचा लेख दिला होता. तोही या घरात शिरेना. दुःख साठवायला जागा नाही, असा संगणक अजून माझ्या पाहण्यात नव्हता. बऱ्याच वेळाने कळलं, की सरांनी विसर्गाच्या जागी कळफलकावरचा अपूर्णविराम मारला होता. अर्धा महाराष्ट्र तसंच करतो. खरा विसर्ग देऊन 'दुःख' लिहिलं, तर ते मुकाट्याने आत गेलं. चाळीस वर्षं मुलांचं शुद्धलेखन तपासलेल्या सरांना ही गोष्ट सांगायची कशी, हे मात्र कुठल्या चौकटीत उमटलं नाही.

हे नियम येतात कुठून? माझं अर्धं आयुष्य बिऱ्हाडांत गेलं असल्यामुळे मला ते चटकन उमगलं. एका मालकाकडे रात्री दहानंतर दिंडीदरवाजा बंद. दुसऱ्याकडे मासळी चालत नसे. तिसऱ्याकडे भिंतीला खिळा ठोकायचा नाही, देवाच्या तसबिरीसाठीसुद्धा नाही. फाईल ही अशीच बिऱ्हाडकरू आहे. आज या यंत्रावर, उद्या त्या. आणि विंडोज, लिनक्स, मॅक हे तीन घरमालक. नियम लहरी वाटतात, पण प्रत्येकामागे त्या घरातली एखादी जुनी अडचण असते.

विंडोजच्या घरची ती नऊ चिन्हं म्हणजे घरचे जुने गडी. अपूर्णविराम 'सी' ड्राइव्हच्या दारात उभा असतो. प्रश्नचिन्ह म्हणजे 'इथे कुठलंही एक अक्षर' आणि चांदणी म्हणजे 'इथे काहीही', अशी शोधाशोधीची कामं त्यांच्याकडे. टोकदार चिन्हं आणि उभी रेघ एका आज्ञेतला माल दुसरीकडे वाहून नेतात. अवतरणचिन्हं मोकळी जागा असलेलं नाव एकत्र बांधून धरतात. कामावरचा गडी बिऱ्हाडकरूच्या पोराच्या बारशात पाट मांडून बसला, तर मालक ओरडणारच.

तिरक्या रेघांची कथा भाऊबंदकीची आहे. लिनक्सचा पूर्वज युनिक्स. त्याच्या घरी फोल्डरात फोल्डर ठेवायचा, तर मध्ये उजवीकडे कललेली रेघ मारायची पद्धत होती. १९८१ साली विंडोजचं पूर्वज एमएस-डॉस आलं तेव्हा त्यात फोल्डर ही चीजच नव्हती, आणि त्या घरात ती रेघ आज्ञेला शेपूट जोडायच्या कामी लागलेली होती. १९८३च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले. रेघ तर आधीच अडकलेली. मग दुसरी रेघ आणली, डावीकडे कललेली. तेव्हापासून दोन्ही घरांच्या रेघा एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत, आणि 'रेघ मारा' असं फोनवर कुणी सांगितलं की समोरचा विचारतो, "कुठली, इकडची की तिकडची?"

फोल्डर नसलेल्या त्याच एकखणी काळाची आणखी एक आठवण विंडोजने जपली आहे. माझी भाची पुण्यात शिकते. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत विद्यार्थ्याला कायमचा नोंदणी क्रमांक मिळतो, त्याला सगळे पीआरएन म्हणतात. परीक्षेचा अर्ज, निकाल, गुणपत्रिका, सगळीकडे तो लागतो. भाचीने शहाण्या मुलीसारखं त्या सगळ्या कागदांसाठी एक फोल्डर करून इंग्रजीत नाव दिलं 'पीआरएन'. नाव घेईना. तिने मला विचारलं, "मामा, मी काही शिवी लिहिली का?"

शिवी नव्हे. पीआरएन हे प्रिंटरचं जुनं नाव. डॉसच्या काळात प्रिंटर, पडदा-कळफलक यांनाही फाईलसारखी नावं होती. 'पीआरएन' या नावावर फाईल उतरवली की ती कागदावर छापून बाहेर पडे. पडदा-कळफलकाचं नाव 'सीओएन', आणि काहीही टाकलं तरी गिळून टाकणाऱ्या अंधाऱ्या विहिरीचं नाव 'एनयूएल'. खोली एकच असल्यामुळे चूल कुठे, मोरी कुठे हे ठरून गेलेलं. पुढे फोल्डर आले, खोल्या वाढल्या, वर माडी चढली. पण जुन्या कार्यक्रमांची सवय मोडू नये म्हणून प्रत्येक खोलीत मोरीची जागा राखून ठेवली. दिवाणखान्यातसुद्धा. श्राद्धाला मांजर पानात तोंड घालतं म्हणून आजोबा ते पाटीखाली झाकत, आणि मांजर मेल्यावर नातू श्राद्धासाठी शेजारून मांजर मागून आणत, त्यातलाच हा प्रकार. एक बरं, की नल-दमयंतीचं आख्यान लिहिणारे नलाचं इंग्रजी स्पेलिंग 'ए' घालून करतात. 'यू' घातला असता तर दमयंतीला तो पुन्हा कधी सापडला नसता.

दुसरा घरमालक लिनक्स. माझा भाचा तिथलाच. तो म्हणतो, "आमच्याकडे काहीही चालतं, मामा." आणि ते खरं आहे. नावात तिरकी रेघ नको, आणि शून्य किमतीचं एक अदृश्य चिन्ह नको. बाकी प्रश्न विचारा, चांदण्या उधळा, अवतरणांत बोला. अशा मोकळ्या मालकाचा पहिल्या महिन्यात फार आनंद होतो. दुसऱ्या महिन्यात कळतं, की इथे कुणी अडवत नाही म्हणजे पडण्यापासूनही कुणी वाचवत नाही. फाईलचं नाव नुसती एक चांदणी ठेवता येतं. पण ती फाईल पुसायला जावं आणि आज्ञेत बेसावधपणे तीच चांदणी लिहावी, तर तिचा अर्थ होतो 'काहीही', आणि फोल्डरातल्या साऱ्या फाईली एका रांगेत स्वर्गवासी होतात. नावाची सुरुवात आडव्या छोट्या रेघेने केली, तर ते नाव नसून हुकूमच आहे असा आज्ञेचा समज होतो. नावात मोकळी जागा सोडली, तर एका फाईलला दोन समजलं जातं. 'अध्यक्षीय मनोगत' म्हटलं की अध्यक्षीय वेगळं शोधलं जातं, मनोगत वेगळं. ती दोन्ही एकत्र नसतात हा आमच्या संस्थेचाही अनुभव आहे, पण तो मुद्दा वेगळा.

शिवाय तिथे इंग्रजीतलं मोठं अक्षर आणि छोटं अक्षर ही दोन वेगळी माणसं. 'स्मरणिका' मोठ्या 'एस'ने आणि छोट्या 'एस'ने लिहिली, तर एकाच फोल्डरात दोन स्मरणिका सुखाने नांदतात. त्याच दोघी विंडोजच्या घरी गेल्या, की दोघी एकच आहेत असं ठरतं आणि एकीला दुसरीच्या अंगावर घालायचं का, अशी विचारणा होते. आपल्या देवनागरीत थोरली-धाकटी अक्षरं नाहीत, म्हणून हा तंटा आपल्याला माहीत नाही. जाती पुष्कळ केल्या आपण, पण अक्षरांत नाही.

सगळ्यात हाल झाले कवींचे. मराठी कवीला टिंबांचं वेड. कवितेचं नाव 'आणि पाऊस' असं थेट सुरू होत नाही. ते '...आणि पाऊस' असं सुरू होतं, म्हणजे आधी बरंच काही घडून गेलेलं आहे. लिनक्सच्या घरी टिंबाने सुरू होणारी फाईल लपवलेली समजतात. ती यादीत दिसतच नाही. भाच्याने पेन ड्राइव्ह लावून शपथेवर सांगितलं, "मामा, कविता आलेलीच नाही." दुसऱ्या कवीने आपल्या सात कवितांच्या फोल्डरला नाव दिलं होतं 'तू गेल्यावर...'. विंडोजच्या घरी नावाच्या शेवटची टिंबं काही न बोलता पुसून टाकतात. राहिलं नुसतं 'तू गेल्यावर'. कवीचा सगळा विरह त्या तीन टिंबांत होता. त्यांनी मला फोन करून विचारलं, "कात्री कुणी लावली?" एकाने पुढची टिंबं धरून कविता लपवली, दुसऱ्याने मागची छाटली. इतकी नेमकी समीक्षा आमच्या वाचनालयाच्या पन्नास वर्षांत झाली नव्हती.

तिसरा घरमालक मॅक. माझी चुलतबहीण अमेरिकेत असते आणि तिच्याकडे तोच. तिने फाईल पाठवली, 'गणेशोत्सव १२/९'. सगळ्या जगाने जिला मना केलं आहे ती तिरकी रेघ तिच्याकडे बिनधास्त चालते. चालत नाही तो अपूर्णविराम, कारण जुन्या मॅकवर फोल्डरामधली भिंत म्हणून अपूर्णविराम वापरत. २००१ साली मॅकने आत युनिक्सचा पाया घातला, आणि तिथे भिंत म्हणजे तिरकी रेघ. तेव्हा तडजोड अशी झाली, की पडद्यावर रेघ दिसली तर आत अपूर्णविराम मांडायचा आणि वरून काही बोलायचं नाही. बाहेरच्या पाटीवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. बहिणीला मी सुचवलं, की तारीख वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने आणि मध्ये छोट्या आडव्या रेघा देऊन लिही. ती तशी लिहिली की फाईली आपोआप कालक्रमाने रांगेत उभ्या राहतात, आणि अमेरिकेतला महिना आधी की आपला दिवस आधी हा वादही मिटतो. ती म्हणाली, "अरे, पण मग गणेशोत्सव डिसेंबरचा तर नाही ना वाटणार?" म्हणजे वाद मिटलेला नव्हता, फक्त गणपतीवर ढकलला गेला होता.

इतकं झाल्यावर कुणी म्हणेल, की चिन्हं सोडून द्या, शुद्ध मराठी अक्षरं तरी लिहा. लिहिता येतात. पण भाड्याचा दर ऐका. लिनक्सच्या घरी नावाला २५५ बाइटांची जागा. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी आणि जोडाक्षरातला लपलेला हलन्तसुद्धा तीन-तीन बाइट घेतो. म्हणजे जागा ८५ चिन्हांचीच. 'ज्ञानेश्वर' लिहायला दहा चिन्हं, तीस बाइट. इंटरनेटच्या पत्त्यात शिरलं, तर एकेका चिन्हाचे टक्क्याच्या खुणांसकट नऊ तुकडे होतात, म्हणजे माउलींचे नव्वद. मोकळ्या जागेचंसुद्धा तिथे 'टक्का वीस' होतं. रिकाम्या जागेवर टक्का आकारणं आपल्याला नवीन नाही, पण ते काम आजवर दलाल करत.

तरीही मी मराठी नावांवर अडून बसलो होतो. मला वाकवलं ते एका लेखाने. आमच्या सर्वांत जुन्या सभासदांनी, म्हणजे नानाकाकांनी, भाड्याच्या घरांवर सुरेख लेख लिहिला होता, 'बिऱ्हाड'. तो माझ्या फोल्डरात दोनदा दिसला. नाव तेच, अक्षर न् अक्षर तेच, दोन्ही शेजारी शेजारी. एका घरात एका नावाची दोन माणसं राहू देत नाहीत, हे मला आतापर्यंत पाठ झालं होतं. मी भिंग लावून बघितलं. फरक नाही.

फरक त्या 'ऱ्हा'त होता. आपला हा अर्धा चंद्रासारखा वाकलेला 'ऱ' युनिकोडमध्ये एकसंध अक्षर म्हणूनही लिहिता येतो, किंवा साधा 'र' घेऊन त्याखाली नुक्ता देऊनही. शिवाय 'र'ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारा जोडक ठेवला तरी डोळ्यांना तेच दिसतं. एकाच 'बिऱ्हाड'च्या तीन कुंडल्या. जुन्या मॅकची पद्धत अशी, की एकसंध 'ऱ' आला की तो सोडवून 'र' आणि नुक्ता असा वेगवेगळा मांडून ठेवायचा. नानाकाकांचा लेख त्यांच्या मुलाच्या मॅकवरून एकदा आला, आणि शेजाऱ्याच्या विंडोजवरून एकदा. विंडोज मिळेल तसं ठेवून घेतं. म्हणून दोन बिऱ्हाडं. 'तऱ्हा', 'दुसऱ्या', 'कऱ्हाड' या सगळ्यांच्या पत्रिकेत हा दोष आहे. 'ॲ'चंही तसंच. २००८पासून त्याला युनिकोडमध्ये स्वतःचं घर मिळालं, पण अजून पुष्कळजण 'अ'वर चंद्र ठेवून काम भागवतात, आणि शोधायला गेलं की एक 'ॲप' दुसऱ्या 'अॅप'ला ओळख देत नाही.

म्हणजे सर्वत्र चालेल असं काही आहे की नाही? आहे. पोझिक्स नावाच्या मानकात ती यादी दिलेली आहे. इंग्रजी मोठी अक्षरं सव्वीस, छोटी सव्वीस, अंक दहा, आणि टिंब, खालची रेघ, आडवी छोटी रेघ अशी तीन. एकूण पासष्ट. आडवी रेघ पहिली नको. आणि लांबी? कुठल्याही घरात नक्की मिळेल अशी हमी फक्त चौदा अक्षरांची. जगातल्या साऱ्या घरमालकांनी मिळून बिऱ्हाडकरूला दिलेलं आश्वासन एवढंच : पासष्ट भांडी आणि चौदा फुटांची खोली. त्या भांड्यांत आपलं एकही नाही.

मी हार मानली आणि इंग्रजी अक्षरांत नावं दिली. तिथे नवीनच गंमत. लोककलांवरच्या लेखाचं नाव 'कला', लोडशेडिंगच्या दिवसांवरच्या लेखाचं 'काळा', दहीहंडीवरच्या लेखाचं 'काला'. इंग्रजीत तिघेही 'के ए एल ए'. सतरा बाळ्यांचं बारसं करून मला तीन 'काला' मिळाले होते. मग मी पुढे क्रमांक लावले. पहिल्या प्रयत्नात एकनंतर दहा आला आणि दोन बिचारा तेवीसच्या आधी कसाबसा उभा राहिला, म्हणून एकेरी अंकांना पुढे शून्याची टोपी घातली.

नानाकाकांना सांगितलं, "काका, तुमच्या 'बिऱ्हाड'चं नाव आता शून्य तीन, खालची रेघ, बी आय आर एच ए डी."

काका हसले. म्हणाले, "आम्ही सदाशिव पेठेत एकतीस वर्षं होतो. मालकाने दारावर पाटी लावू दिली नाही कधी, खिळा नको म्हणून. पोस्टमन म्हणायचा, 'जिन्याखालची खोली.' पत्रं सगळी पोचली हो."

मी तेवीस फाईली क्रमवार लावल्या, नावं पासष्ट अक्षरांत बसवली, चौदाच्या आत आणली, तीनदा तपासली आणि आमच्या डीटीपीवाल्याकडे दिल्या. हा मनुष्य पंचवीस वर्षं लग्नपत्रिका, कार्यअहवाल आणि श्रद्धांजलीचे फलक करतो. मी त्याला नामकरणाचं सगळं शास्त्र सांगितलं. नऊ चिन्हं, प्रिंटरचं भूत, टिंबं, नुक्ता. तो तंबाखू मळत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, इतक्या वर्षांत नावावरून माझी एक फाईल कुठे अडली नाही."

आठ दिवसांनी त्याने छापायला तयार अशी स्मरणिका पाठवली. ती माझ्या संगणकावर उघडली, भाच्याच्या लिनक्सवर उघडली, अमेरिकेत बहिणीच्या मॅकवर उघडली, छापखान्यातल्या पुरातन यंत्रावर उघडली. कुणी हूं की चूं केलं नाही. मी फाईलचं नाव बघितलं. इंग्रजीत होतं : 'अनटायटल्ड', आडवी रेघ, एक, टिंब, पीडीएफ.

मी अक्षरं मोजली. सगळी त्या पासष्टांतली. आडवी रेघ आहे, पण पहिली नाही. टिंब आहे, पण सुरुवातीला नाही, शेवटी नाही. लांबी मोजली, रेघ आणि टिंब धरून.

बरोबर चौदा.